मामांची पाहणी

माझे मामा शिकारी होते असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा असलेला कुणी मिशाळ गृहस्थ येतो. म्हणून आधीच सांगून टाकतो, की माझ्या मामांना मिशा नव्हत्या आणि वाघ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. ते बदकांचे शिकारी होते. दारव्ह्याकडच्या एका लहानशा गावी त्यांची थोडी कोरडवाहू शेती होती, एक ठासणीची बंदूक होती, आणि घरोघर आकाशकंदील लागले की त्यांच्या अंगात काहीतरी संचारत असे. जेवताजेवता मध्येच घास हातात धरून ते म्हणत, "पाखरं आली असतीन." मामी काही न बोलता ताटात भाकरी वाढीत असे.

बंदुकीचा परवाना पिकांच्या राखणीसाठी होता. रानडुकरांनी तूर उधळू नये, एवढ्यापुरता. बदके काही कुणाची तूर खात नाहीत; तेव्हा ही हौस कायद्यात बसणारी नव्हती, हे मला फार पुढे कळले. मामांना ते तेव्हाही ठाऊक असावे.

ते आमच्याकडे कारंज्याला येत ते शकुंतलेने. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी तेव्हा कोळशाच्या इंजिनावर चालत असे. 1994 साली तिला डिझेलचे इंजिन आले, आणि आता तर ती बंदच पडली आहे. त्या गाडीतून मामा उतरत, खांद्यावर घोंगडी आणि घोंगडीत गुंडाळलेली बंदूक. मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्दांची खोड असते. शकुंत म्हणजे पक्षी. रानात टाकून दिलेल्या मुलीला पक्ष्यांनी सांभाळले, म्हणून कण्वांनी तिचे नाव शकुंतला ठेवले. तिच्याच नावाच्या गाडीतून पक्षी मारण्याची बंदूक यावी, ही गंमत मी कॉलेजात असताना एकदा मामांना सांगितली. ते म्हणाले, "मंग तं पाखराईले फुकट नेत असन थे गाडी." आणि तंबाखू मळू लागले. विनोदाला दाद देण्याची त्यांची रीत एवढीच.

मामा 2023 साली गेले. तेरावे झाल्यावर मामीने एक पुडके माझ्यापुढे ठेवले. "बापू, तुह्या कामाचं असन तं पाह्य. लिहेल हाये काहीबाही." आत खिशात मावतील अशा अकरा डायऱ्या होत्या, जिनिंगवाल्यांनी, बियाणेवाल्यांनी दिवाळीत वाटलेल्या. मला वाटले, मारलेल्या पाखरांचा हिशेब असेल. घरी येऊन वाचू लागलो, तर एकाही पानावर एकाही मेलेल्या बदकाची नोंद नाही. सगळ्या नोंदी पाहणीच्या.

पाहणी म्हणजे काय, हे सांगायला हवे. मारायला जायचे त्याच्या आदल्या संध्याकाळी रिकाम्या हाताने जायचे आणि पाखरे कुठे आहेत, किती आहेत, कोणत्या वाटेने येतात, कशाने बुजतात, हे नुसते बघून यायचे. शिकारीला एक सकाळ पुरते. पाहणीला मात्र मामा तीनतीन, चारचार संध्याकाळी घालवीत. मामी याला 'रिकामे धंदे' म्हणत असे.

अशा एका पाहणीला मी त्यांच्याबरोबर गेलो, ते 1988 साली, मार्गशीर्षात. मी नऊ वर्षांचा होतो. कारंज्याजवळ अडाण नदीवर धरण आहे; आमच्या गावाला पाणी त्याचेच. धरण भरले की पाणी मागे नाल्यानाल्यांतून शिरते, आणि नाल्याकाठच्या बाभळी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहतात. सरकारी कागदांत याला बुडीत क्षेत्र म्हणतात. काही झाडे तग धरतात. बरीचशी दोन-चार पावसाळ्यांत वठतात आणि साल गळून पांढरी पडतात. लांबून पाहिले तर पाण्यात हाडे रोवल्यासारखी दिसतात. मला ते पाहून भीती वाटली. मामांचा चेहरा मात्र उजळला होता, लग्नघर दिसल्यावर उजळावा तसा.

एस.टी.ने फाट्यापर्यंत आणि पुढे पायी, असे आम्ही गेलो होतो. काठाला पोचण्याआधीच मामांनी चिमूटभर माती हवेत सोडली. "वारा पाह्य आधी. पाखरू वाऱ्याच्या तोंडी उतरते आन वाऱ्याच्या तोंडीच उठते. आपण कोठी बसाचं थे वारा सांगते, आपण नाही." मग ते पाण्याकडे न बघता काठाकडेच बघत चालू लागले. वारा ज्या काठावर आदळत होता तिथे फेसाबरोबर पिसे साचली होती, पांढरी, करडी, बोटाएवढी. मामांनी ती उचलली, उलटीपालटी केली, एक नाकाला लावले. ओल्या मातीतली विष्ठा काडीने उकरली. पाखरू दिसायच्या आधी त्यांना पाखरू कळले होते.

मग आम्ही एका बेशरमाच्या बेटाआड पोटावर पडलो. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प त्यापूर्वी कधी राहिलो नव्हतो; आणि विषय शिकवण्याचा घेतल्यामुळे, त्यानंतरही नाही.

उघड्या पाण्यावर काळी काळी, कपाळावर पांढरा टिळा असलेली पाखरे शेकड्यांनी होती. मामा म्हणाले, "वारकरी." मराठीत या पक्ष्याचे नाव खरेच वारकरी आहे, ज्याने ते ठेवले त्याला नमस्कार करावासा वाटतो. एवढ्यात वरून एक दलदल ससाणा तरंगत गेला, आणि पांगलेले वारकरी क्षणात एकमेकांना खेटून एकच काळा गोळा झाले. तो गेल्यावर पुन्हा पांगले. "हे आपल्या कामाचे नाहीत," मामा कुजबुजले. "बाभळाईत पाह्य."

बाभळींत पाहिले तर आधी काही दिसेना. मग एक फांदी हलली आणि ती फांदी नव्हतीच, तिच्यावर ओळीने बसलेल्या अडई होत्या. बदक झाडावर बसते, हे मला तेव्हाच कळले. वरच्या थुटावर पाणकावळे पंख वाळत घालून बसले होते. आणि खाली, खोडाखोडांच्या मधल्या काळ्या पाण्यात, हळूहळू एकेक आकार वेगळा होऊ लागला. चक्रांग, लहान आणि चपळ. थापट्या, चोच उलथण्यासारखी, ती पाण्यावर आडवी फिरवीत जाणारा. तलवार बदकाची टोकदार शेपटी. चोचीवर पिवळा आणि तांबडा ठिपका घेऊन निवांत फिरणारी हळदी-कुंकू. डोके पाण्यात, शेपटी आभाळाकडे, अशी कितीतरी बुडे एकदम वर झाली की मला हसू येई, आणि मामांचे कोपर माझ्या बरगडीत बसे.

ती तिथेच का, हे मामांनी नंतर समजावून सांगितले. झाडांच्या मध्ये वारा लागत नाही. खोडांच्या गर्दीत ससाण्याला झेप घेता येत नाही. पाणी उथळ, म्हणजे मान बुडवली की तळाचे बी हाताशी. कुजलेल्या फांद्यांना गोगलगायी आणि किडे चिकटलेले. दिवसभर इथे सावलीत राहायचे, अंधार पडला की शेतांत नि पाणथळीत चरायला उडायचे, पहाटे परत. "आपल्यासारखंच हाये त्याईचं," मामा म्हणाले, "फकस्त रातपाळी."

मोजण्याची त्यांची पद्धत निराळी होती. एक डोळा मिटून ते हात पुढे ताणीत आणि मुठीने पाखरे झाकीत. एका मुठीखाली जेवढी झाकतील तेवढी एक मूठ. मग मूठ सरकवायची, दुसरी मूठ, तिसरी. त्या संध्याकाळी अठरा मुठी भरल्या. पण त्यांचे समाधान होत नव्हते. पाखरे नाल्याच्या तोंडाने आत शिरत असावीत असा त्यांचा अंदाज होता आणि तसे दिसत नव्हते. मी बाजूच्या धुऱ्यावर चढलो होतो. तिथून मला दिसले, की लहान लहान थवे नाल्याच्या तोंडाकडून येतच नाहीत; ते मागच्या उंचवट्याला वळसा घालून, दोन वठलेल्या बाभळींच्या मधल्या फटीतून, एकामागून एक खाली घसरतात. जणू दार आहे. मी खाली येऊन सांगितले. मामा वर गेले, बराच वेळ पाहत राहिले, आणि खाली आल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लेका, महिनाभर सापडलं नसतं मले."

एवढा आनंद मला पुढे एम.ए.चा निकाल लागला तेव्हाही झाला नाही.

रात्री काठावरच्या एका भोयाच्या झोपडीत आम्ही राहिलो. बंदूक मामांनी दुपारीच तिथे ठेवली होती. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, शेकोटी. अंधारात डोक्यावरून शीळ घालीत अडई चरायला निघाल्या होत्या. मामा आणि भोई त्या आवाजावरून थवा किती मोठा यावर वाद घालीत होते. मी पांघरुणात पडून तो वाद ऐकत होतो आणि माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती: दार मी दाखवले. त्या दोन बाभळींसमोर मामा पहाटे बसतील, पाखरे एकामागून एक तिथूनच येतील, आणि ती जागा मी दाखवली आहे.

इथे एखादा लेखक वाल्मीकीचा क्रौंच आणील. मीही वर्गात करुणरस शिकवताना तो दरवर्षी आणतो. पण खरे सांगायचे तर त्या रात्री मला ना करुणा वाटत होती ना क्रोध. मला फक्त चहाडी केल्यासारखे वाटत होते.

पहाटे धुके होते. मामा गुडघ्यावर बसले होते, बार भरलेला. मी मागे. आधी पंखांचा आवाज आला, फाटक्या कापडासारखा. मग फटीतून पहिला थवा घसरला, दुसरा, तिसरा. पाणी भरत गेले. मामा थांबले होते; पाखरे दाटून एका रेषेत आली की एका बारात अधिक पडतात, हे मला आदल्या दिवशी सांगून झाले होते. त्यांचा खांदा किंचित वर आला, आणि मी खोकलो.

खोकला खरा नव्हता. खरा वाटावा म्हणून मी तो दोनदा खोकलो.

सगळे पाणी उठले. त्या आवाजाला उपमा देण्याचा मोह मी आवरतो. थवा एकदा आमच्यावरून फिरला, उजेडाकडे गेला आणि धुक्यात दिसेनासा झाला. मामांनी बार काढला नाही. ते उभे होते, तोंड वर करून, एक हात पुढे झालेला. मला वाटले, आता तो हात माझ्यावर येणार. तो आला नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "चाल. आलं घालून च्या पे, जाईन खोकला."

या खोकल्याने मी काही पाखरे वाचवली, असा समज वाचकांनी करून घेऊ नये. आठ दिवसांनी मामा एकटे गेले आणि चार बदके घेऊन आले. आईने रस्सा केला. मी तो वाटी पुसून खाल्ला. चांगला झाला होता. मात्र त्यानंतर पाहणीला चल असे मामा मला कधी म्हणाले नाहीत, आणि मीही मागे लागलो नाही.

पुढे पुस्तकांतून मला कळत गेले, की पाण्यातल्या बाभळी आणि बंदुका यांचे नाते जुने आहे. राजस्थानातल्या भरतपूरला पाण्यात उभे असलेले असेच बाभूळबन आहे. तिथे 12 नोव्हेंबर 1938 या एका दिवसात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आणि त्यांच्या मंडळींनी 4273 पक्षी मारले. तो आकडा दगडावर कोरून ठेवला आहे. योगायोग असा, की 12 नोव्हेंबर हाच सलीम अलींचा वाढदिवस. आपल्या महाराष्ट्रात 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्याचे एक टोक सलीम अलींचे, तर दुसरे मारुती चितमपल्लींचे. चितमपल्ली 2025 सालच्या जूनमध्ये आपल्यातून गेले. रानातल्या माणसांच्या तोंडची पाखरांची नावे गोळा करून त्यांनी मराठीला दिली नसती, तर माझ्यासारख्यांनी ही सगळी मंडळी 'बदक' या एकाच शब्दात कोंबली असती.

अमेरिकेत निराळाच प्रकार. तिकडे अर्कान्सा राज्यात ओकच्या जंगलात हिवाळ्यात मुद्दाम पाणी सोडतात. हिरव्या डोक्याची बदके ओकची फळे खायला झाडांत उतरतात आणि शिकारी कमरेएवढ्या पाण्यात बुंध्याला टेकून उभे राहतात. शिकाऱ्याला दरवर्षी सरकारी तिकीट विकत घ्यावे लागते. 1934 पासूनची ही पद्धत, आणि त्या पैशांतून पाणथळी विकत घेऊन राखतात. पण पाणी जास्त दिवस तुंबले की ओकही आमच्या बाभळींसारखेच मरतात, ही तिकडची आजची काळजी. बंदुकीने पाणथळ राखावी, हे गणित माझ्या गळी उतरत नाही. आणि त्या पैशाने राखलेली पाणथळ खोटी आहे, असेही म्हणवत नाही. शिवाय नेम चुकलेले शिशाचे छर्रे तळाशी पडतात आणि बदके ते खडे समजून गिळतात. पोटात दाणे भरडायला त्यांना खडे लागतात, ते हे नव्हेत. पाखरू मग हळूहळू विषाने मरते. म्हणून तिकडे बदकांसाठी शिशाचे छर्रे 1991 साली सर्वत्र बंद झाले.

त्याच वर्षी आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवाने काढून लहानसहान शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. मामांकडे तो परवाना कधीच नव्हता. तरी त्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. कायद्याला भिऊन, की डोळे कमी झाले म्हणून, की आणखी कशाने, ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. आम्ही समजलो, मामांची हौस संपली.

डायऱ्या सांगतात, संपली नव्हती. पहिली 1974 ची आहे आणि शेवटची 2016 ची. बंदूक गेल्यावर पंचवीस वर्षे ते पाहणी करीत होते, दर हिवाळ्यात, त्याच बाभळींसमोर. कारंज्याला आले की 'जरा फिरून येतो' म्हणून जात, ते इकडे. दोन मैलांवर राहणारा मी, पक्षी सप्ताहात पक्ष्यांवर भाषणे देणारा, एकदाही त्यांच्याबरोबर गेलो नाही. मला कल्पनाच नव्हती. नोंदी अशा: तारीख, वारा, पाणी कुठवर, मग नावे आणि मुठी. 'बाभळी तोडल्या, जळणाला नेल्या.' 'पाणी लवकर उतरले, गाळपेर केली, पाखरू नाही.' 'नकटा जोडी.' आणि एका पानावर नुसते, 'काही नाही. बरे वाटले.'

1988 चे पान मी लगेच उघडले नाही. ते शोधायला मला दोन महिने लागले, म्हणजे धीर व्हायला. संध्याकाळची नोंद होती: '18 मुठी. जागा भाच्याने दाखवली.' तिच्याखाली सकाळची: 'वारा पडलेला. भाचा खोकलला. सगळे उठले. उठताना 21 मुठी. काल तीन चुकल्या.'

म्हणजे तो पुढे झालेला हात माझ्यासाठी नव्हता. ते मोजत होते.

खोकला खोटा होता हे त्यांना कळले की नाही, ते पान सांगत नाही.

दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते; 1987 पासूनची ही प्रथा. गेल्या जानेवारीत मी माझ्या चार विद्यार्थ्यांना घेऊन अडाणच्या त्या नाल्यावर गेलो. दाराच्या दोन बाभळींपैकी एकच उरली आहे. अडई होत्या, चक्रांग होती, थापट्या थोडे. मोठा थवा मोजताना आधी दहा पाखरे नीट मोजायची, तेवढा तुकडा डोळ्यांत धरायचा आणि तसे किती तुकडे होतात ते पाहायचे, असे मी मुलांना शिकवले. शिकवताना माझाच हात पुढे झाला आणि मूठ वळली. मग मी त्यांना मामांची गोष्ट सांगितली, खोकल्याची सोडून. मी दोनदा मोजले. अकरा मुठी भरल्या.

एका मुलीने विचारले, "सर, पण एका मुठीत किती पाखरं?"

ते मामांनी अकराही डायऱ्यांत कुठे लिहिलेले नाही. त्यांना ते माहीत होते, लिहायचे कशाला? ती पुढे म्हणाली, "आणि तुमची मूठ मामांपेक्षा लहान असेल, तर तुमच्या अकरा आणि त्यांच्या अठरा सारख्या कशा धरायच्या?"

प्रश्न बिनतोड होता. चाळीस वर्षांच्या नोंदी हाताशी आहेत, आणि त्यांचे मापच हरवले आहे. परतताना मी वाट वाकडी करून मामीकडे गेलो, आणि मामांची मूठ केवढी होती, असे विचारले. मामीने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले. मग आत गेली आणि मामांच्या हातातले तांब्याचे कडे घेऊन आली. ते बंद होते, मूठ आवळून त्यातून हात घालावा लागे, आणि घालताना त्यांना नेहमी थोडे तेल लागत असे. मी मूठ वळली आणि कडे चढवले. ते कुठेही न अडता थेट मनगटावर आले आणि तिथे गोल फिरू लागले.

"ठेव तुह्यापाशी," मामी म्हणाली. "मोजाले लागन."